एकट्याचं ताट आणि पोटातले जिवाणू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ७२ वर्षांचे. आई दीड वर्षापूर्वी गेल्या, तेव्हापासून ते सांगली जिल्ह्यातल्या गावी एकटेच राहतात आणि तुम्ही पुण्यात. गेलं वर्षभर त्यांचं पोट साफ होत नाही, गॅस धरतो, जेवण जात नाही. रक्त, सोनोग्राफी, दुर्बिणीची तपासणी, सगळं ठीक आलं. एकटेपणामुळे पोटातले चांगले जिवाणू कमी होतात असं तुमच्या वाचनात आलं. तेव्हा प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत चांगल्या जिवाणूंच्या, कॅप्सूल सुरू कराव्यात का, आणि वडिलांना पुण्यालाच आणावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी पंचवीस वर्षं पोटाचे विकार तपासतोय. कॅप्सूलची घाई करू नका. आधी वडील सकाळपासून रात्रीपर्यंत काय खातात ते शोधून काढा. फोनवर ‘जेवलात का?’ असं विचारलंत तर ‘हो, जेवलो’ एवढंच उत्तर येईल. ‘आज ताटात काय होतं?’ असं विचारा. तेही एकदा नाही, आठवडाभर रोज.

बायको गेल्यानंतर पुरुषांच्या ताटाचं काय होतं ते मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पेशंटनं तोंड उघडण्याआधीच अंदाज येतो. सकाळी चहा आणि खारी. दुपारी भात आणि पातळ आमटी. रात्री पुन्हा तोच भात, नाहीतर दूध-पोहे, नाहीतर नुसता चहा. भाकरी थापता येत नाही. मेथीची जुडी एका माणसाला संपत नाही, म्हणून आणलीच जात नाही. मटकी भिजत घालायची, मोड आणायचे, हे आदल्या रात्री उद्याचा विचार करणाऱ्या माणसाचं काम आहे, आणि दुःखात असलेला माणूस उद्याचा विचार करत नाही. उपाशी कोणीच राहत नसतं, पण ताटातले पदार्थ पंधरावरून चारावर येतात. घरातल्या कोणाच्या हे लक्षात येत नाही, कारण बघायला घरात कोणी नसतंच.

आता जिवाणूंकडे येऊ. आपल्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. आपल्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. जिवाणू आपल्या पेशींच्या दहापट असतात आणि त्यांचं वजन दोन किलो भरतं, असं अजूनही भाषणांतून ऐकू येतं. पण २०१६ साली इस्राएलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी हिशेब नव्यानं मांडला, तेव्हा वजन सुमारे २०० ग्रॅमच निघालं. एवढीशी ही वस्ती जगते ती आपल्याला न पचलेल्या अन्नावर: ज्वारीचा कोंडा, कडधान्यांची सालं, पालेभाजीचे धागे, कांदा-लसणातला इन्युलिन नावाचा चोथा, गार झालेल्या भातातला घट्ट स्टार्च. त्यातून ते जी आम्लं तयार करतात त्यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन आहे. म्हणजे तुमच्या वडिलांच्या आतड्याचं अस्तर त्यांनी खाल्लेल्या भाकरीवर जगतं, पण थेट नाही, जिवाणूंच्या हातून. २०१६ मध्येच उंदरांवरच्या एका प्रयोगात जेवणातला चोथा पूर्ण काढून टाकला, तर हेच जिवाणू आतड्याच्या आतला श्लेष्माचा थर खायला लागले. उंदरात दिसलं ते माणसात तसंच्या तसं घडतं असं मी म्हणणार नाही. पण चोथा काढून घेतला की जिवाणू नुसते बसून राहत नाहीत, एवढं त्यावरून कळतं.

आपल्याकडच्या पोटांची ठेवण वेगळी आहे, हेही लक्षात ठेवायला हवं. भोपाळ आणि केरळमधल्या ११० निरोगी लोकांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. भोपाळकडच्या, मुख्यतः शाकाहारी लोकांच्या पोटात प्रिव्होटेला नावाच्या जिवाणूंचं राज्य दिसलं. धान्य आणि डाळींचा चोथा हे त्यांचं अन्न. जन्मभर भाकरी-उसळीवर पोसलेली अशी वस्ती अचानक चहा-खारीवर आणली तर ती आहे तशी कशी राहील?

तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारा अभ्यास मात्र आयर्लंडमधला आहे. २०१२ साली तिथं १७८ वृद्धांचे मलाचे नमुने तपासले. काही आपापल्या घरी राहणारे, काही कायमचे शुश्रूषागृहात गेलेले. घरी राहणाऱ्यांच्या पोटात जिवाणूंचे प्रकार जास्त होते. शुश्रूषागृहात दीर्घकाळ राहिलेल्यांमध्ये ते कमी झाले होते, आणि ज्यांचे कमी झाले होते त्यांची प्रकृतीही जास्त खालावलेली होती. नमुने राहण्याच्या जागेप्रमाणे वेगवेगळ्या गटांत पडले आणि त्या गटांचा मेळ जेवणाशी लागला. माणूस तिथं गेला की आधी जेवण बदलतं आणि जिवाणू मागून, हळूहळू बदलतात. मी हा अभ्यास मुद्दाम सांगतोय, कारण शुश्रूषागृहात माणसांची वानवा नसते. आजूबाजूला माणसं होती, तरी ताट अरुंद झालं आणि पोट बदललं. म्हणून ‘एकटेपणानं जिवाणू कमी होतात’ हे वाक्य मला अपुरं वाटतं. एकटेपणा पोटापर्यंत पोहोचतो तो बहुतांशी ताटातून. वयाचाही त्यात वाटा असतोच. पुण्यात डॉ. योगेश शौचे यांच्या गटानं एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकाच चुलीवरचं जेवणाऱ्या तीन पिढ्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध केला होता. जेवण सारखं असूनही वयाप्रमाणे जिवाणू बदललेले दिसले.

ताटाशिवाय दुसरा रस्ता आहे तो मनाच्या ताणाचा. मेंदू आणि पोट यांना जोडणारी व्हेगस नावाची मोठी नस असते. तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू पोटाकडची खबर वर मेंदूकडे नेतात, खाली हुकूम आणणारे थोडेच. ताण आला की आतड्याची हालचाल बदलते, आणि आतड्यातून काय किती वेगानं पुढे सरकतं यावर तिथं कोण टिकणार हे ठरतं. जपानमधल्या क्युशू विद्यापीठात २००४ साली जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांना थोडा वेळ जखडून ठेवलं, तर त्यांच्यात ताणाची संप्रेरकं नेहमीच्या उंदरांपेक्षा फार जास्त वाढली. बिफिडोबॅक्टेरियम नावाचा एक विशिष्ट जिवाणू लहानपणीच दिला, तर ती वाढ आवरली. म्हणजे ताण पोटावर परिणाम करतो, तसंच पोटातली वस्ती ताण कसा झेलला जाईल यावरही परिणाम करते. इथं एक गैरसमज दूर करतो, कारण तो पेशंटच्या तोंडून रोज ऐकतो. शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात बनतं हे खरं आहे. पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. त्यामुळे ‘दही खा, सेरोटोनिन वाढेल, मन आनंदी होईल’ असा सरळ हिशेब लागत नाही.

तिसरा रस्ता लोकांना ऐकून नवल वाटतं असा आहे. माणसं एकमेकांना जिवाणू देतात, आणि मी हे रोगाच्या जिवाणूंबद्दल बोलत नाहीये. २०२३ साली इटलीतल्या त्रेंतो विद्यापीठाच्या संशोधकांनी अनेक देशांतले ९,७०० हून जास्त नमुने एकत्र करून पाहिले. आई आणि तान्ह्या बाळाला समान असलेल्या जिवाणूंच्या जातींपैकी जवळजवळ निम्म्यांत वाण, म्हणजे जातीतला नेमका उपप्रकार, अगदी तेच होते. एका घरात राहणाऱ्यांमध्ये पोटातले सुमारे १२ टक्के आणि तोंडातले ३२ टक्के वाण सारखे निघाले. एकत्र राहणं सुटून किती काळ लोटला याचा परिणाम वय आणि आनुवंशिकता या दोन्हींपेक्षा मोठा होता. पुढच्याच वर्षी होंडुरासमधल्या १८ आडबाजूच्या खेड्यांतल्या १,७८७ लोकांचा अभ्यास आला. कोण कोणाकडे बसायला जातं, कोण कोणाबरोबर जेवतं, हे आधी विचारून घेतलं होतं. नात्यात नसलेल्या, एका घरात न राहणाऱ्या मित्रांमध्येही वाण सारखे सापडले. मित्राच्या मित्रापर्यंत हा धागा जात होता. गावाच्या उठबशीत मधोमध असणाऱ्यांच्या पोटातली वस्ती बाकी गावासारखी होती, कडेला पडलेल्यांची तेवढी नव्हती. केनियातल्या अंबोसेली भागातल्या बबून माकडांमध्येही २०१५ साली हेच दिसलं होतं: जी माकडं एकमेकांच्या अंगावरचे केस निवडत बसतात, त्यांची पोटं आतून जास्त सारखी.

हे वाचल्यावर मला आमच्या गावाकडचा पार आठवला. पण देवाणघेवाण झाली म्हणजे ती चांगलीच असते असं नाही. पोटात अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरीसुद्धा घरातल्या घरातच पसरतो, टायफॉइड आणि जुलाबही हातांमधून जातात. तेव्हा कोणी या अभ्यासांचा आधार घेऊन हात न धुता जेवण्याचं समर्थन करू लागलं तर ते ऐकू नका.

तुम्ही जे वाचलं ते बहुधा २०२१ सालच्या एका अभ्यासावर आधारलेलं असावं. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला २८ ते ९७ वयाच्या १८४ लोकांवर तो झाला. तो करणाऱ्यांमध्ये डॉ. दिलीप जेस्ते होते, पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि पुढे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झालेले. ज्यांना एकटं कमी वाटत होतं, ज्यांच्यात कणव आणि शहाणपण जास्त होतं, त्यांच्या पोटात जिवाणूंची विविधता जास्त आढळली. पण हा एका वेळचा फोटो आहे. एकटेपणानं विविधता घटली की आजारी, कमी खाणारी माणसंच एकटी पडली, हे फोटोवरून सांगता येत नाही. लेखकांनीही तो प्राथमिक अभ्यास म्हणूनच मांडला होता. बातम्यांमध्ये मात्र एवढं थांबायला कोणाला वेळ नसतो.

म्हणून मी घरच्यांना सांगतो की सोबतीचं महत्त्व पटवायला जिवाणूंची साक्ष काढायची गरज नाही. त्याचा पुरावा वेगळा आहे, जुना आहे आणि फार भक्कम आहे. कॅलिफोर्नियातल्या अलामिडा परगण्यात जवळजवळ सात हजार लोकांवर नऊ वर्षं लक्ष ठेवलं आणि १९७९ साली निष्कर्ष आला: ज्यांची माणसं कमी त्यांच्यात मृत्यू दुपटीहून जास्त. २०१० साली १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून जास्त माणसं एकत्र करून पाहिली, तेव्हा नाती घट्ट असणाऱ्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. पिट्सबर्गला १९९७ साली २७६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू घालून पाहिलं होतं. ज्यांचा सहा किंवा जास्त प्रकारच्या नात्यांतून लोकांशी नेहमीचा संबंध होता, त्यांच्या तुलनेत एक ते तीन प्रकारची नाती असणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपट होती. विषाणू दोघांनाही सारखाच दिला होता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ च्या अहवालात एकाकीपणाशी जोडलेल्या मृत्यूंचा आकडा वर्षाला ८ लाख ७१ हजार असा दिला आहे.

आता कॅप्सूल. प्रोबायोटिकचा उपयोग काही ठरावीक आजारांत, ठरावीक वाणांचा होतो. ‘पोट बरं नाही’ एवढ्यावर दुकानातून आणलेली बाटली बहुतेकदा पैसे घालवते. वाइझमनच्याच एका गटानं २०१८ मध्ये दाखवलं की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांची मूळची वस्ती काहीही न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा परत आली. मलाचा नमुना पाठवून जिवाणूंचा रंगीत तक्ता देणाऱ्या तपासण्या हल्ली निघाल्यात. त्यावर पाच-सात हजार घालवू नका, तो तक्ता पाहून मी उपचारात काहीही बदलणार नाही. त्याच पैशांत वडिलांच्या गावात भाकरी करून देणाऱ्या बाईंचे बरेच महिने निघतील, आणि मला तोच खर्च करून हवा आहे.

भाकरीवरून दातांचं आठवलं. दात तपासून घ्या. कवळी सैल झालेला माणूस भाकरी, शेंगदाणे, काकडी, सगळं हळूच बंद करतो आणि ‘आवडत नाही’ असं सांगतो. कानही तपासा. ऐकू कमी यायला लागलं की माणूस पारावर जायचा थांबतो, कारण सारखं ‘काय म्हणालास?’ विचारायची त्याला लाज वाटते. दात आणि कान नीट केल्यावर ज्यांचं पोट सुधारलं असे पेशंट माझ्याकडे बरेच आहेत.

खाण्यात एकदम उलथापालथ करू नका. आठवडाभर उसळ फक्त दोन चमचे, मग चार, मग वाटी. चोथा अचानक वाढवला की पहिले दोन आठवडे गॅस वाढतो आणि वडील म्हणतील, ‘बघ, मला हे सोसत नाही.’ पाण्याकडे लक्ष द्या, या वयात तहान कमी लागते आणि पाण्याविना चोथा उलटा बसतो. दुपारी ताजं ताक, सकाळी नाचणीची किंवा ज्वारीची आंबील, अधूनमधून हुलग्याचं माडगं. तुमच्या भागातलंच आहे हे सगळं, आणि वडिलांच्या जिभेला त्याची ओळख आहे. आंबवलेल्या पदार्थांबद्दल स्टॅनफर्डला २०२१ साली ३६ जणांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला. ते भरपूर खाणाऱ्यांच्या पोटातली विविधता वाढली आणि रक्तातली सुजेची १९ प्रथिनं उतरली. इडली-ढोकळ्यातले जिवाणू वाफेनं मरतात, तेव्हा जिवंत जिवाणू हवे असतील तर ताक, दही, आणि शिजवल्यावर गार करून ताक घातलेली आंबील. दह्यातले जिवाणूही पोटात कायमचा मुक्काम करत नाहीत, म्हणून ते रोज हवं.

सोबतीचं काय करायचं हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही, पण एक उदाहरण सांगतो. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक यायचे, तुमच्या वडिलांसारखेच. त्यांच्या आळीत आणखी दोघे एकटे होते. दुसऱ्याच्या घरी रोज जेवायला जाणं कोणालाच पटेना, मिंधेपणा वाटतो. मग तिघांनी मिळून स्वयंपाकाला बाई ठेवली, धान्य तिघांनी वाटून आणायचं, भाजी बाजारातून आणायचं काम पाळीनं, आणि दुपारचं जेवण एका ओसरीवर. तिघांसाठी मेथीची जुडीही संपते आणि मटकीही भिजते. अडीच महिन्यांनी शिक्षक आले तेव्हा रेचक सुटलं होतं. गुण भाकरीचा, बाजारापर्यंत चालण्याचा की गप्पांचा, हे वेगळं काढता येत नाही, आणि मी काढायलाही गेलो नाही. तुमच्या वडिलांना जेवण कोणी ‘देतंय’ असं वाटू देऊ नका. त्यांच्याकडे काही काम सोपवा. संध्याकाळचा हरिपाठ, सोसायटीची बैठक, शाळकरी पोरांचं गणित, ते पूर्वी जे करत होते त्यातलंच.

पुण्याला आणण्याबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगतो: लगेच नको. तुम्ही दोघं दिवसभर कामावर, मुलं शाळेत, आणि वडील सहाव्या मजल्यावर टीव्हीसमोर. ताट सुधारेल, पण पार सुटेल. आधी गावी तीन महिने घडी बसवून बघा. मधे पंधरा दिवस पुण्यात राहून जाऊ देत, आणि त्या पंधरा दिवसांत त्यांची तिथं कोणाशी ओळख होते का, ते बघा. मात्र पहाटे तीनला जाग येणं, आवडीच्या गोष्टीत मन न लागणं, ‘आता कशासाठी’ असं वारंवार बोलणं, यातलं काही असेल तर ते केवळ एकटेपण म्हणून सोडू नका. नैराश्यात भूक आणि पोट दोन्ही बसतं, आणि त्याला उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

शेवटी माझ्या कामाचं. दुर्बिणीची तपासणी झाली म्हणालात, ती तोंडातून की गुदमार्गातून? या वयात नव्यानं सुरू झालेल्या बद्धकोष्ठतेला मोठ्या आतड्याची, म्हणजे खालून केलेली तपासणी लागते. फक्त वरून झाली असेल तर खालची राहिली आहे. वजन कमी होणं, मलात रक्त, रक्तातलं हिमोग्लोबिन उतरणं, यातलं काहीही दिसलं तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून आधी तेवढं करून घ्या. थायरॉइड आणि साखर पाहिली नसेल तर पाहा. आणि गोळ्या. कॅल्शियम, लोह, काही रक्तदाबाच्या, काही झोपेच्या, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक, या सगळ्या पोट बांधतात. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर तोंडातले जिवाणू खाली आतड्यात वस्ती करतात. ती खरंच लागते का ते बघू, पण तुम्ही परस्पर बंद करू नका. ॲस्पिरिन चालू असेल तर ही ॲसिडिटीची गोळी मुद्दाम दिलेली असू शकते.

दोन आठवडे वडिलांना एका वहीत लिहायला सांगा: काय खाल्लं, कोणाबरोबर खाल्लं, पोट कधी साफ झालं. तिन्ही रकाने शेजारी शेजारी. मग त्यांनाच घेऊन या, आणि येताना ती वही आणि घरातली गोळ्यांची सगळी पिशवी बरोबर आणा.